सायकल डिस्क ब्रेकची घ्यावी काय?

अलीकडे दवाखान्यात तपासून झाल्यावर, उठता उठता, एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही सायकल चालवायला सांगितली, ते ठीक. पण पोरगा म्हणते डिस्कवालीच घ्या. घ्यावी काय?" साखर वाढलेले गृहस्थ विचारतात, गुडघे धरलेल्या शिक्षिका विचारतात आणि मुलाच्या हट्टापुढे हात टेकलेले वडीलही विचारतात. पोंभुर्ण्यात आता रस्त्यावर दर चार-दोन सायकलींमागे एखादी तरी चकाकत्या तबकडीची दिसते, तेव्हा प्रश्न स्वाभाविक आहे.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु सायकलीवरून पडून मोडलेले मनगट, फुटलेली हनुवटी आणि डोक्याचा मार हे शेवटी डॉक्टरकडेच येतात. चुकीच्या मापाच्या सायकलीने दुखावलेला गुडघाही डॉक्टरकडेच येतो. तेव्हा सायकलीची निवड हा औषधाच्या निवडीइतकाच आमच्या कामाचा विषय आहे, असे मी मानतो.

सायकल चालवावीच का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम प्रतीचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालविली की ही किमान मर्यादा गाठली जाते. ब्रिटनमध्ये सुमारे अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१७ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचे प्रमाण, वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्के कमी आढळले. हे सारे श्रेय एकट्या सायकलीचे म्हणता येणार नाही; सायकल चालविणारा माणूस इतर बाबतीतही सहसा जपून राहतो. तरीही हृदय, रक्तदाब आणि मधुमेह यांच्यासाठी सायकल उपकारक आहे, यात शंका नाही.

आपल्याकडचे दाखलेही आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली आणि २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे सुमारे ९,१०० किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने कापले. आपल्याला एवढे काही करायचे नाही. पण ज्या अर्थी रोगी तपासणारी माणसे वेळ काढून सायकलीवर बसतात, त्या अर्थी घाटकुळ किंवा देवाडा येथे नोकरीला जाणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस बसणे अवघड नसावे.

रोड बाईक म्हणजे काय?

दुकानात तीन प्रकार दिसतात. खाली वळलेल्या हँडलची, अरुंद टायरची, हलकी सायकल ती रोड बाईक. पूर्वी आपण तिला 'रेसर' म्हणत असू. जाड, खाचांच्या टायरची आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली ती डोंगरी सायकल, म्हणजे एमटीबी. सरळ हँडल आणि मध्यम टायर असलेली ती हायब्रिड. पोंभुर्ण्याचा परिसर बहुतांशी सपाट आहे. मूलकडे किंवा गोंडपिपरीकडे डांबरी रस्त्याने जायचे असेल तर रोड बाईक किंवा हायब्रिड कमी श्रमात अधिक अंतर नेते. जाड टायरची डोंगरी सायकल डांबरावर विनाकारण दम काढते. मुलांना तीच रुबाबदार वाटते, ही गोष्ट वेगळी.

ब्रेक काम कसे करतो?

ब्रेक म्हणजे चालत्या सायकलीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. दोन वस्तू एकमेकींवर घासतात, उष्णता निर्माण होते, वेग उतरतो. प्रश्न एवढाच की घासायचे कुठे.

जुन्या पद्धतीत रबरी गुटके चाकाच्या रिमवर घासतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असत आणि रिम लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेली. नंतर तारेचे ब्रेक आणि ॲल्युमिनियमच्या रिम आल्या. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याजवळ, हबला, पोलादाची पातळ तबकडी बसविलेली असते. तिला दोन बाजूंनी लहान पॅड चिमटीत धरतात. रोड बाईकला ही तबकडी साधारणपणे १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाची असते. कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारीसाठी या ब्रेकचे पेटंट घेतले होते. मोटारी आणि मोटारसायकलींतून ती सायकलीत आली.

फरक पडतो तो पावसात. रिम जमिनीजवळ असते. रपट्यावरचे पाणी, खड्ड्यातला गढूळ चिखल आणि रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेली ओली माती तिच्यावर उडते. ब्रेक दाबला की गुटके आधी पाणी पुसतात आणि मग पकडतात. लोखंडी रिमवर तर ओला ब्रेक जवळजवळ लागतच नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. तबकडी जमिनीपासून उंच असते, तिच्यावर छिद्रे असतात आणि पॅडचा दाबही जोरदार असतो. त्यामुळे पाणी चटकन निघून जाते आणि ब्रेक कोरड्यासारखाच लागतो.

याचा हिशेब करून पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सव्वाआठ मीटरहून थोडे अधिक अंतर जाते. समोर रानडुक्कर दिसल्यापासून बोटे ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपले. चांगला ब्रेक कोरड्या रस्त्यावर पुढच्या सुमारे सात मीटरमध्ये सायकल थांबवतो. एकूण पंधरा मीटर. तोच ब्रेक ओला होऊन निम्म्या जोराने लागला तर थांबायला चौदा मीटर लागतील, म्हणजे एकूण बावीस-तेवीस. हा सात मीटरचा फरक एका जुंपलेल्या बैलगाडीच्या लांबीपेक्षा अधिक आहे. अपघात होणे आणि टळणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डिस्क ब्रेक चाक थांबवतो. सायकल थांबवतो तो टायर आणि रस्ता यांच्यामधील पकड. गुळगुळीत झालेला टायर, ओला चिखल किंवा सुटी गिट्टी असेल तर उत्तम ब्रेकही चाक जागच्या जागी जाम करील आणि सायकल घसरेल. डिस्क आहे म्हणून वेग वाढविणाऱ्याला डिस्कचा काहीच फायदा मिळत नाही.

तारेचा की तेलाचा?

डिस्क ब्रेकचे दोन पोटप्रकार आहेत. तारेच्या डिस्कमध्ये दांडी दाबली की तार ओढली जाते आणि पॅड तबकडीला टेकतात. तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक डिस्कमध्ये नळीतून तेलाचा दाब जातो. शाळेत शिकविलेला पास्कलचा नियमच तेथे काम करतो. एका बाजूला दिलेला दाब तेलातून सगळीकडे सारखा पोहोचतो आणि बोटाच्या थोड्या जोराने मोठा दाब मिळतो.

तेलाचा ब्रेक एका-दोन बोटांनी लागतो. ज्यांच्या हातांत संधिवात आहे, ज्यांची पकड कमी आहे, ज्या स्त्रियांचे हात लहान आहेत, त्यांच्यासाठी तो निश्चित सोयीचा. पॅड झिजले तरी तो बराचसा आपोआप जुळवून घेतो. मात्र नळीत हवा शिरली की दांडी मऊ पडते, आणि हवा काढणे हे साध्या पान्याचे काम नव्हे. त्याला विशिष्ट साधने आणि विशिष्ट तेल लागते. काही कंपन्यांच्या ब्रेकला खनिज तेल चालते, काहींना मोटारीच्या ब्रेकचे तेल. एकाच्या जागी दुसरे घातले की आतले रबर फुगून ब्रेक कायमचा बिघडतो.

तारेचा डिस्क जरा जास्त जोर मागतो आणि पॅड झिजतील तशी तार ताणून घ्यावी लागते. पण तार तुटली तर ती बदलणे गावातल्या मिस्त्रीलाही जमते. मी स्वतः तारेच्या डिस्कचीच सायकल वापरतो. माझा सल्ला असा : दुरुस्तीसाठी ज्यांना सहज चंद्रपूर किंवा नागपूर गाठता येते आणि खर्चाची तयारी आहे, त्यांनी तेलाचा ब्रेक घ्यावा. बाकीच्यांना तारेचा पुरेसा आहे. चांगल्या रोड बाईकमध्ये तारेची डिस्क साधारण तीस ते साठ हजारांच्या घरात मिळते; तेलाच्या ब्रेकची किंमत लाखाच्या आसपास जाते.

शर्यतवाल्यांचा वाद

हौशी मुले म्हणतात, शर्यतीतले मोठे खेळाडू डिस्कच वापरतात. आज ते बव्हंशी खरे आहे, पण ते सहज झालेले नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०१५ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये फ्रान्समधील पॅरिस-रुबे शर्यतीत स्पेनचा फ्रान व्हेंतोसो याच्या पायाला खोल जखम झाली आणि त्याने तिचा दोष तबकडीच्या धारेला दिला. जखम तबकडीनेच झाली काय, यावर मतभेद झाले. परंतु चाचणी थांबविण्यात आली. पुढे तबकडीच्या कडा गोल करण्याचा आग्रह धरला गेला, २०१७ मध्ये चाचणी पुन्हा सुरू झाली आणि जुलै २०१८ पासून डिस्कला रीतसर परवानगी मिळाली.

यातून आपल्यासाठी घेण्यासारखा बोध आहे. फिरती तबकडी ही एक पाती आहे. सायकल उलटी करून चाक गरगर फिरविण्याचा खेळ मुले खेळतात. छिद्रांच्या तबकडीत लहान बोट सापडले तर ते कापले जाते. ज्या घरात लहान मूल आहे आणि डिस्कची सायकल आहे, त्या घरात हा खेळ आजपासून बंद करावा. तसेच उतारावरून ब्रेक दाबत आल्यावर तबकडी इतकी तापते की हात लावल्यास भाजते.

खरा फायदा टायरचा

दुकानदार ज्या गोष्टीविषयी फारसे बोलत नाही, ती येथे सांगतो. रिमवरचा ब्रेक टायरला वरून कवटाळून बसतो. त्यामुळे जुन्या रोड बाईकला साधारण २५ ते २८ मिलिमीटरपेक्षा जाड टायर बसत नाही. डिस्क असली की ही अडचण राहत नाही. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड टायर अनेक सायकलींना बसतो. आपल्या भागातील उखडलेले डांबर, मुरूम टाकून बुजविलेले खड्डे आणि रस्त्याच्या कडेची गिट्टी पाहता हा जाड टायर फार मोलाचा. त्यात हवा थोडी कमी ठेवता येते, धक्के कमी बसतात, मनगटे आणि कंबर सुखी राहते, पकड वाढते. शिवाय खड्ड्यात आपटून रिम जरा वाकडी झाली तरी डिस्क ब्रेक लागत राहतो. रिमचा ब्रेक मात्र वाकड्या रिमवर घासू लागतो. तेव्हा दुकानात "डिस्क आहे काय?" एवढेच विचारू नये, "टायर जास्तीत जास्त किती जाडीचा बसेल?" हेही विचारावे.

माप आधी, ब्रेक नंतर

माझ्याकडे सायकलीमुळे जे दुखणे घेऊन लोक येतात, त्यातले बरेचसे मापाच्या चुकीचे असते. जोडा पायाला घालून पाहतो, तशी सायकल अंगाला घालून पाहावी.

प्रथम सायकल दोन पायांत घेऊन उभे राहावे. वरची नळी आणि जांघ यांत निदान दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवे. सव्वापाच ते साडेपाच फूट उंचीच्या माणसाला साधारण ५० ते ५२ सेंटिमीटरची फ्रेम आणि साडेपाच ते पावणेसहा फुटांच्या माणसाला ५२ ते ५५ ची फ्रेम बसते. कंपनीगणिक यात फरक पडतो, म्हणून बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली न्यावे. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. आता पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा किंचित बाक येतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय आहे. त्याने गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि दोष मात्र सायकलीला दिला जातो.

दुखण्यावरून चूक ओळखता येते. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहातातून जाणारी नस हँडलवर दबते आहे. हाताची जागा बदलत राहावी आणि अंगाचा भार हातांवर टाकू नये. जांघेत बधिरपणा येत असेल तर सीट बदलावी किंवा तिचे टोक समपातळीत आणावे. हा बधिरपणा लाजेखातर लपवून ठेवू नये. मानेच्या मणक्यांचा किंवा कंबरेचा जुना त्रास असेल तर खाली वळलेल्या हँडलच्या फंदात पडू नये. सरळ हँडलची हायब्रिड बरी.

बोटे ब्रेकपर्यंत पोहोचतात काय, हे जरूर पाहावे. वळलेल्या हँडलवर ब्रेकची दांडी लांब असते. लहान हाताच्या व्यक्तीला ती गाठण्यासाठी पकड सोडावी लागते, आणि नेमकी संकटाच्या वेळी पकड सुटते. अनेक ब्रेकमध्ये दांडी जवळ आणण्याचा स्क्रू असतो. तो दुकानदाराकडून तेथेच फिरवून घ्यावा. शाळेत जाणाऱ्या मुलीसाठी सायकल घेणाऱ्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. त्या साध्या असतात, पण साध्या सायकलीचीही दांडी जवळ करता येते, गुटके बदलता येतात आणि सीट उंचीप्रमाणे लावता येते. हे काम पंधरा मिनिटांचे आहे.

स्वस्त डिस्कचा मोह

आठ-दहा हजारांत पुढे-मागे डिस्क, जाड टायर, चिमट्यात स्प्रिंग आणि गिअर असे सगळे देणाऱ्या सायकली बाजारात आहेत. एवढ्या पैशांत एवढ्या वस्तू बसवायच्या म्हटल्यावर काटकसर कुठे तरी होणारच. बहुधा ती दिसत नाही अशा ठिकाणी होते. तबकडी वाकडी असते, पॅड निकृष्ट असतात, ब्रेक धरणारा चिमटा सैल होत राहतो आणि तार गंजते. काही दिवसांतच घर्र-घर्र आवाज सुरू होतो. मिस्त्री आवाज बंद करण्यासाठी पॅड इतके दूर करतो की दांडी हँडलला टेकली तरी ब्रेक लागत नाही. मुलाला वाटते आपल्याकडे डिस्क आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडे ब्रेकच नसतो.

म्हणून ठामपणे सांगतो, की निकृष्ट डिस्कपेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवरचा चांगला गुटक्यांचा ब्रेक केव्हाही अधिक सुरक्षित. ज्याचे पैसे मर्यादित आहेत त्याने क्रम असा ठेवावा : प्रथम माप, मग टायर, मग ब्रेकचा दर्जा, आणि राहिलेच पैसे तर गिअर. रंग आणि स्टिकर यांचा विचार शेवटी करावा. हेल्मेट मात्र या क्रमात नाही. ते सायकलीच्या किमतीतच धरावे, कारण डोक्याला होणाऱ्या गंभीर दुखापतीचे प्रमाण त्याने बरेच घटते.

दुकानात काय तपासावे?

एक, दोन्ही चाके उचलून फिरवावीत. तबकडी पॅडच्या मधून सरळ जावी. डावी-उजवीकडे डुलू नये. दोन, ब्रेक पूर्ण दाबावा. दांडी आणि हँडल यांत बोटभर तरी अंतर उरले पाहिजे. तेलाच्या ब्रेकची दांडी स्पंजासारखी लागली तर ती सायकल घेऊ नये. तीन, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. मागचे चाक उचलले गेले पाहिजे. चार, कोणती दांडी कोणत्या चाकाची, हे पाहून घ्यावे. आपल्याकडे बहुधा उजवी दांडी पुढच्या चाकाची असते. पाच, या मापाचे पॅड दुकानात आहेत काय, हे विचारून एक जादा जोडी तेव्हाच विकत घ्यावी. पॅडचे आकार डझनावारी असतात आणि ऐन पावसाळ्यात नेमका हवा तो मिळत नाही. सहा, मडगार्ड व कॅरिअर बसविण्याची छिद्रे आहेत काय, ते पाहावे. अनेक रोड बाईकना ती नसतात, आणि मग पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा ठरलेला.

घरी आणल्यावर

नवी डिस्क पहिल्या दिवशी पूर्ण जोराने लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक जाम होऊ न देता, चालण्याच्या वेगापर्यंत सायकल हळूहळू आणावी. असे वीसेक वेळा करावे. त्यामुळे पॅडचा पातळ थर तबकडीवर बसतो आणि ब्रेक पकड घेतो.

तबकडीचा मोठा शत्रू म्हणजे तेल. चेनला तेल घालताना मागच्या तबकडीवर फडके टाकावे. तबकडी चिकट झाली म्हणून रॉकेलने पुसू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडावर घेऊन पुसावी. तेल पॅडमध्ये मुरले तर पॅड बदलणेच शहाणपणाचे. पॅडवरील घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली आला की वाट पाहू नये. तेलाचा ब्रेक असेल आणि चाक काढले असेल तर दांडी दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

ब्रेक लावण्याचीही रीत आहे. बऱ्याच जणांना पुढच्या ब्रेकची भीती वाटते आणि ते फक्त मागचा दाबतात. पण थांबताना अंगाचा भार पुढे जातो, त्यामुळे थांबविण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो. केवळ मागचा दाबला तर चाक घसरत जाते. दोन्ही एकदम, पण हळूहळू जोर वाढवीत दाबावेत, कंबर थोडी मागे न्यावी. वळणाआधी वेग कमी करावा, वळणावर नव्हे. चिखलात पुढचा ब्रेक हलक्या हाताने वापरावा.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

इन्सुलिन घेणाऱ्या किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी उपाशीपोटी लांब जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसताच उतरून ते खावे. चालताना किंवा चढावर छातीत दडपण येते, अशांनी आधी तपासणी करावी आणि मग सायकलीचे बोलावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने दमछाक होईपर्यंत सायकल चालवू नये, पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांना विचारूनच अंतर ठरवावे. श्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे त्याच्या वेदनांचा झटका येऊ शकतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत सकाळी नऊनंतर सायकल टाळावी. मात्र उन्हापासून वाचण्यासाठी अंधारात जंगलाच्या रस्त्याला लागणे हा उपाय नव्हे. वाघ, अस्वल आणि रानडुक्कर यांची ये-जा झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला अधिक असते, आणि सायकल आवाज न करता त्यांच्या अगदी जवळ जाते. चांगले उजाडल्यावर निघावे, दोघे-तिघे मिळून जावे, घंटी वाजवीत राहावी, आणि वनविभागाने ज्या रस्त्याबद्दल सूचना दिली असेल तो रस्ता त्या काळापुरता सोडावा. येथे कोणताही ब्रेक उपयोगी पडत नाही.

तर घ्यावी काय?

रोज पावसापाण्यात दहा-पंधरा किलोमीटर जायचे आहे, वेग बऱ्यापैकी आहे आणि चांगल्या दर्जाची सायकल घेण्याइतके पैसे आहेत, अशांनी डिस्क ब्रेकची रोड बाईक किंवा हायब्रिड अवश्य घ्यावी. तारेच्या डिस्कने सुरुवात करावी. गावातल्या गावात, कोरड्या दिवसांत, प्रकृतीसाठी अर्धा तास फिरायचे आहे, अशांना चांगल्या गुटक्यांची साधी सायकल पुरते. उरलेल्या पैशांतून हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलाला दोन वर्षांत सायकल लहान होणार आहे, त्याच्यासाठी डिस्कचा हट्ट पुरविण्याऐवजी मापाची आणि हलकी सायकल घ्यावी, आणि तिचे ब्रेक दर महिन्याला स्वतः दाबून पाहावेत.

आणि ज्यांच्या घरी सायकल आधीच आहे, त्यांनी नवी घेण्यापूर्वी एक करावे. उद्या सकाळी तिच्या रिमवर तांब्याभर पाणी ओतावे, चार पावले चालवीत न्यावी आणि ब्रेक दाबावा. ती थांबली तर उत्तम. न थांबल्यास गुटके बदलून आणावेत आणि मगच पोराच्या हाती द्यावी.